बिलावरचं नाव आणि गल्लीतली तार: मुंबईच्या वीज-गॅस कंपन्यांची गोष्ट

सीएसएमटीहून मुलुंडची स्लो लोकल पकडली की तासाभरात तीन वीज कंपन्यांच्या हद्दी मागे पडतात. सायनपर्यंत बेस्ट, कुर्ल्यापासून विक्रोळीपर्यंत अदानी, भांडुप-मुलुंडला महावितरण. पहिल्या दोन हद्दींवर टाटा पॉवरचाही परवाना पसरलेला आहे, त्यामुळे कुर्ल्यातल्या एकाच मजल्यावर समोरासमोरच्या दोन घरांना दोन कंपन्यांची बिलं येऊ शकतात. महापालिका एक, पाणी एक, पण विजेचा दर मात्र तुम्ही कुठल्या स्टेशनला उतरता त्यावर ठरतो.

हे असं का, असं विचारलं की लोक हल्लीच्या उद्योगपतींची नावं घेतात. खरं उत्तर बरंच जुनं आहे आणि ते परवान्याच्या कागदांत सापडतं. वीज आणि गॅस कंपन्यांचा इतिहास म्हटलं की धरणं, चिमण्या, टर्बाइन डोळ्यांसमोर येतात. माझ्या मते तो आधी परवान्यांचा इतिहास आहे. कुठल्या गल्लीत रस्ता खणून तार टाकायचा हक्क कोणाला, किती वर्षांसाठी, आणि ती वर्षं संपल्यावर ती तार कोणाची, एवढ्या प्रश्नांभोवती सगळं फिरतं.

परवाना इतका महत्त्वाचा का, ते आधी पाहू. साबणाचा कारखाना काढायला सरकारने हद्द आखून द्यावी लागत नाही. वीज आणि पाइपच्या गॅसचं तसं नाही. इथे पैसा आधी जमिनीखाली पुरावा लागतो: केबल, पाइप, सबस्टेशन. एका गल्लीत एक केबल टाकल्यावर दुसऱ्या कंपनीने तिथेच दुसरी टाकायची म्हणजे रस्ता पुन्हा खणा, खर्च दुप्पट, आणि गिऱ्हाईक तेवढीच. म्हणून बहुतेक ठिकाणी एका भागात एकच कंपनी उरते. अर्थशास्त्रात याला नैसर्गिक मक्तेदारी म्हणतात. मक्तेदार मनाला येईल तो भाव लावणार हे उघड असल्याने सरकारने सुरुवातीपासून सौदा केला: हद्द तुझी एकट्याची, पण दर आम्ही ठरवणार किंवा मर्यादेत ठेवणार, मागेल त्याला जोडणी द्यायची, आणि मुदत संपली की तुला विकत घ्यायचा पहिला हक्क आमचा. मुंबईतल्या प्रत्येक कंपनीच्या जन्माशी आणि शेवटाशी हा सौदा कुठे ना कुठे येतो.

आधी गॅस आला

मुंबईत ऑक्टोबर १८६५ मध्ये रस्त्यावर गॅसचे दिवे लागले. सुरुवात एस्प्लनेड रोड, चर्चगेट स्ट्रीट आणि भेंडी बाजार या भागांतून झाली. गॅस पुरवणारी बॉम्बे गॅस कंपनी विलायतेत स्थापन झालेली होती. हा गॅस आजच्यासारखा जमिनीतून काढलेला नव्हता. बंद भट्टीत दगडी कोळसा तापवायचा, त्यातून निघणारा वायू धुऊन साफ करायचा, मोठ्या टाकीत साठवायचा आणि लोखंडी नळांतून शहरात सोडायचा. मागे राहिलेला कोक आणि डांबरही विकलं जाई. लालबागला आजही गॅस कंपनी लेन आहे, ती याच कंपनीची खूण.

गॅसला विजेची भीती लवकर वाटायला हवी होती, पण पहिला सामना गॅसने जिंकला. १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लावायचं काम ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीला देण्यात आलं. दुसऱ्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि मार्केट पुन्हा गॅसच्या उजेडात गेलं. दिवे लागतात हे सिद्ध झालं होतं. फक्त दिव्यांवर कंपनी चालत नाही, हेही.

याचं कारण साधं आहे. दिवे संध्याकाळी चार-पाच तास लागतात. डायनॅमो, बॉयलर, तारा यांत घातलेला पैसा उरलेले वीस तास पडून राहतो आणि व्याज मात्र चोवीस तास चालू असतं. दिवसा वीज घेणारा कोणीतरी हवा. अमेरिकेत अनेक ठिकाणी गॅस कंपन्यांनीच वीज कंपन्या गिळल्या आणि 'गॅस अँड इलेक्ट्रिक' अशी जोडनावं तयार झाली. कॅलिफोर्नियातली पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक १९०५ सालची. मुंबईत त्याच वर्षी वेगळंच लग्न लागलं: विजेचं आणि ट्रामचं.

बेस्टच्या नावातला 'टी'

शहरात १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम धावत होत्या. त्या चालवणाऱ्या बॉम्बे ट्रामवे कंपनीला विजेच्या ट्राम हव्या होत्या. विलायतेतल्या ब्रिटिश इलेक्ट्रिक ट्रॅक्शन कंपनीचा धंदाच गावोगावी विजेच्या ट्राम उभारण्याचा होता, आणि ब्रश इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग ही तिच्या वतीने बोलणी करत होती. ७ ऑगस्ट १९०५ रोजी मुंबई महापालिका, ट्रामवे कंपनी आणि ब्रश यांच्यात करार झाला. लंडनमध्ये नोंदलेली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी, म्हणजे बेस्ट, हे या कराराचं फळ. वाडीबंदरला वीजघर उभं राहिलं आणि मे १९०७ मध्ये विजेची ट्राम सुरू झाली. दिवसा ट्राम, संध्याकाळी दिवे: यंत्रं रिकामी राहिनाशी झाली.

करारातली एक अट मात्र यंत्रांपेक्षा जास्त टिकली. ठरावीक मुदतीनंतर महापालिकेला कंपनी विकत घ्यायचा हक्क होता. हा विचार विलायतेतूनच आला होता. तिथल्या १८८२ च्या कायद्याने नगरपालिकांना २१ वर्षांनी खासगी वीज कंपनी ताब्यात घ्यायची मुभा दिली. एवढ्या थोड्या मुदतीसाठी पैसा घालायला कोणी पुढे येईना, म्हणून १८८८ मध्ये ती ४२ वर्षं केली. आता मुंबईच्या तारखा जुळवून पाहा. करार ७ ऑगस्ट १९०५. महापालिकेने बेस्ट ताब्यात घेतली ती ७ ऑगस्ट १९४७. बरोबर ४२ वर्षं. स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधीची ही तारीख वाचून कोणालाही ती राष्ट्रीयीकरणाची लाट वाटेल. प्रत्यक्षात जुन्या करारातली मुदत पुरी झाली होती.

या तारखेचा आणखी एक परिणाम झाला, आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. १९४८ च्या कायद्याने राज्या-राज्यांत वीज मंडळं आली. पुढे १९५९ मध्ये १९१० चा वीज कायदा दुरुस्त झाला आणि खासगी कंपनी विकत घेण्याचा पहिला हक्क नगरपालिकेकडून काढून मंडळाकडे दिला गेला. पुण्याची पूना इलेक्ट्रिक सप्लाय, नागपूरची इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर अशा शहरोशहरीच्या कंपन्यांची वीज आज राज्याच्या कंपनीकडे आहे, पुणे किंवा नागपूर महापालिकेकडे नाही, ती या क्रमामुळे. बेस्ट त्याआधीच पालिकेच्या खिशात गेली होती, म्हणून वाचली. दहा-बारा वर्षं उशीर झाला असता तर दादरच्या बिलावर आज बहुधा महावितरणचं नाव असतं.

ट्राम ३१ मार्च १९६४ ला थांबली. नावातला 'टी' १९४७ च्या ताब्यानंतरच ट्रामवेजऐवजी ट्रान्सपोर्टचा झाला होता, आणि विजेतून उरलेल्या पैशावर बस चालवायची जुनी रीत चालू राहिली. काही वर्षं तर बसचा तोटा भरून काढण्यासाठीचा आकार सरळ वीजबिलात लावला जात होता. बसने कधीही न फिरणारा नरिमन पॉइंटचा गाळेवाला बसचा खर्च उचलत होता. शहराच्या दृष्टीने यात वाईट काही नव्हतं, असं मला वाटतं. वीज ग्राहकाच्या दृष्टीने मात्र तो दुसऱ्याच धंद्याचा भार होता, आणि तो आकार अखेर बंद झाला.

घाटावरचं पाणी, मुंबईतल्या गिरण्या

टाटांची गोष्ट बेस्टच्या उलट बाजूने सुरू होते. बेस्टकडे गिऱ्हाईक होतं, वीज कोळशाची आणि महाग. टाटांकडे पाणी होतं, गिऱ्हाईक शोधायचं होतं.

सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यात बेसुमार पाणी पडतं आणि कड्यावरून खाली कोकणात जातं. लोणावळ्याजवळ ते अडवून खोपोलीला पाचशे मीटरच्या आसपास खाली सोडलं तर वीज होईल, ही कल्पना डेव्हिड गॉसलिंग या इंजिनिअरने जमशेदजी टाटांपुढे मांडली. जमशेदजी १९०४ मध्ये गेले. पुढचं काम दोराबजींनी केलं. परवाना १९०७ चा, टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी १९१० ची, लोणावळ्याची कोनशिला फेब्रुवारी १९११ ची, आणि खोपोलीची वीज मुंबईत आली १९१५ मध्ये. भांडवल देशातच उभं राहिलं, संस्थानिकांनीही पैसे घातले. त्या काळी एवढ्या मोठ्या प्रकल्पाचा पैसा लंडनबाहेर जमणं ही मोठी बातमी होती.

मुंबईच्या गिरण्या तोवर वाफेच्या इंजिनांवर चालत आणि कोळसा लांबून आणावा लागे. टाटांचा डोळा या गिरण्यांवर, रेल्वेवर आणि खुद्द बेस्टवर होता. घरोघरी मीटर लावत बसायची त्यांना गरज नव्हती. त्यांची वीज घाऊक होती. मोठी गिऱ्हाइकं थेट टाटांची आणि बारीक गिऱ्हाइकं बेस्टची, अशी वाटणी रुळली. हा जुना १९०७ चा परवाना लक्षात ठेवा, तो शंभर वर्षांनी सुप्रीम कोर्टात पुन्हा उघडला जाणार आहे.

एका कंपनीऐवजी टाटांनी तीन काढल्या: टाटा हायड्रो, १९१६ ची आंध्रा व्हॅली आणि १९१९ ची टाटा पॉवर. प्रत्येक खोऱ्याची वेगळी कंपनी, वेगळे भागधारक, वेगळा परवाना. एका खोऱ्यात पैसा बुडाला तर दुसरी दोन वाचावीत, अशी ही रचना. आंध्रा व्हॅलीचा आंध्र राज्याशी काही संबंध नाही. आपल्या मावळातल्या आंध्रा नदीवरून ते नाव आलं आहे आणि तिचं वीजघर भिवपुरीला आहे. १९२९ मध्ये या कंपन्यांच्या व्यवस्थापनात अमेरिकन अँड फॉरेन पॉवर ही अमेरिकी कंपनीही भागीदार झाली. तिन्ही कंपन्या कागदावर एक झाल्या त्या थेट २००० साली.

तिसऱ्या कंपनीच्या नावावर मुळशीचं धरण आहे, आणि इथे ताळेबंदात न दिसणारा खर्च येतो. मुळशी पेट्यातली पन्नासएक मावळी गावं पाण्याखाली जाणार होती. सर्वेक्षण आणि खोदकाम शेतकऱ्यांना नीट विचारल्याशिवाय सुरू झालं. १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह उभा राहिला, विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट पुढे होते. बापटांना 'सेनापती' हे नाव याच लढ्यातून मिळालं. लढा तीन वर्षं चालला आणि मोडला. १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. धरणाविरुद्धच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या संघटित लढ्यांत मुळशीची गणना होते. परवान्यात तार कुठून कुठे जाईल हे काटेकोर लिहिलेलं असतं. पाणी कोणाच्या शेतावर उभं राहील याला त्या कागदात जागा नव्हती.

उपनगराची कंपनी आणि तिची बदलती नावं

बेस्टची हद्द माहीम-सायनला संपत होती. त्यापलीकडे तेव्हा गावं, खाजणं आणि वाढत्या वसाहती होत्या. ऑक्टोबर १९२९ मध्ये बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय, म्हणजे बीएसईएस, स्थापन झाली. ती टाटांकडून वीज घ्यायची आणि वांद्र्याच्या पुढे घरोघर पोचवायची. वीज मंडळांच्या काळातही ती खासगीच राहिली. परवान्याची मुदत वाढत गेली. उपनगरं फुगली तशी कंपनी फुगली, आणि १९९५ मध्ये तिने डहाणूला स्वतःचं ५०० मेगावॉटचं केंद्र उभारलं.

पुढचं नाटक मालकीचं. २००३ च्या सुरुवातीला रिलायन्सने बीएसईएसचा ताबा घेतला. २००४ मध्ये नाव रिलायन्स एनर्जी झालं. २००५ मध्ये अंबानी बंधूंची वाटणी झाली आणि ती अनिल अंबानींच्या वाट्याला आली. २००८ मध्ये रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चर. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईचा वीजधंदा अदानी ट्रान्समिशनला विकला गेला आणि अदानी इलेक्ट्रिसिटी मुंबई जन्मली. २०२० मध्ये तिचे २५.१ टक्के शेअर कतारच्या सरकारी गुंतवणूक संस्थेने घेतले. २०२३ मध्ये मूळ कंपनीचं नाव अदानी एनर्जी सोल्यूशन्स झालं. अंधेरीतली केबल या सगळ्या काळात जागची हलली नाही.

गंमत म्हणजे बीएसईएस हे नाव मुंबईतून गेलं पण दिल्लीत राहिलं. २००२ मध्ये दिल्लीच्या वितरणाचं खासगीकरण झालं तेव्हा बीएसईएसने तिथल्या दोन कंपन्या घेतल्या. दिल्लीच्या साकेतमध्ये राहणाऱ्याच्या बिलावर आजही 'बॉम्बे सबर्बन'ची आद्याक्षरं छापलेली असतात.

२०१८ च्या व्यवहाराचा आकडा १८,८०० कोटी रुपयांचा होता. त्यात काय विकलं गेलं हे पाहिलं की या धंद्याचं पोट कळतं. सुमारे १२,१०० कोटी हा चालू धंद्याचा भाव: तारा, सबस्टेशनं, डहाणूचं केंद्र, तीस लाखांच्या आसपास ग्राहक. उरलेल्यातला मोठा हिस्सा होता 'नियामक मत्ता' नावाच्या गोष्टीचा.

ही नियामक मत्ता काय असते? वीज कंपनीने वर्षाचा सगळा खर्च महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगापुढे मांडायचा. आयोगाची स्थापना १९९९ ची. आयोग खर्च तपासतो, त्यातला योग्य तेवढा मान्य करतो, भागधारकांनी घातलेल्या पैशावर ठरावीक टक्के परतावा जोडतो आणि एवढी रक्कम वसूल होईल असे दर लावतो. म्हणजे वितरण कंपनीचा नफा वीज जास्त विकण्यावर फारसा अवलंबून नसतो. तो आयोगाने मान्य केलेल्या गुंतवणुकीवर ठरतो. एखाद्या वर्षी खर्च एवढा वाढला की लगेच वसूल करायचा तर दर भडकतील, तेव्हा आयोग म्हणतो: तुझे पैसे मान्य, पण आत्ता नाही, पुढच्या वर्षांत थोडे थोडे घे. ही पुढे ढकललेली वसुली कंपनीच्या वहीत मत्ता म्हणून चढते. ग्राहकांच्या उद्याच्या बिलांवरचा हा हक्क २०१८ मध्ये एका कंपनीने दुसरीला विकला. अंधेरी-बोरिवलीच्या लोकांना याचा पत्ताही नव्हता.

एकच तार, दोन दुकानदार

आता १९०७ चा परवाना. २००० नंतर टाटांची वीज उपनगरातल्या रिलायन्सपेक्षा स्वस्त होती, कारण त्यांची जलविद्युत केंद्रं जुनी आणि कधीच फेडून झालेली. टाटांनी लहान ग्राहकही घ्यायला सुरुवात केली. रिलायन्स म्हणाली, तुमचा परवाना घाऊक विजेचा, घरगुती ग्राहक आमचे. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. जुलै २००८ मध्ये कोर्टाने जुने परवाने वाचून निकाल दिला: टाटांना किरकोळ ग्राहकांना वीज विकायची मनाई त्यांत कुठेही नाही.

हक्क मिळाला, पण उपनगरात तार रिलायन्सची. गल्लोगल्ली नव्याने खणायचं का? ऑक्टोबर २००९ मध्ये आयोगाने मार्ग काढला. ग्राहकाने तार रिलायन्सचीच ठेवायची, वीज टाटांची घ्यायची. तारेचं भाडं रिलायन्सला, विजेचे पैसे टाटांना. हे भाडं म्हणजे तुमच्या बिलातला 'वहन आकार'. महावितरणच्या बिलावरही तो 'वीज आकारा'पासून वेगळा छापलेला असतो.

लोक धावले. मग अडचण पुढे आली. विजेच्या दरात मोठे ग्राहक खर्चापेक्षा जास्त भरतात आणि लहान ग्राहकांना त्यातून सवलत मिळते. मोठे ग्राहक निघून गेले की ही सवलत कोण भरणार? म्हणून सोडून जाणाऱ्यांवर क्रॉस सबसिडीचा अधिभार आला, मागची थकलेली वसुली त्यांच्याकडूनही घ्यायचं ठरलं, आणि जाण्यातला फायदा बराच आटला. काही लोक परतही आले. स्पर्धा आली की दर उतरतात हे सूत्र विजेत अर्धवटच लागू पडतं, कारण तारेचं भाडं दोन्हीकडे तेच असतं.

बेस्टच्या हद्दीत ही सोय नाही. २००३ च्या वीज कायद्यात आधीपासून वीज वाटणाऱ्या स्थानिक स्वराज्य संस्थांना संरक्षण आहे, त्यांना आपल्या तारा दुसऱ्याला खुल्या करायची सक्ती नाही. पालिकेने १९४७ मध्ये घेतलेल्या ताब्याचा हा आणखी एक लाभांश.

मंडळ, एन्रॉन आणि मुळा-प्रवरा

मुंबईबाहेर १९६० पासून महाराष्ट्र राज्य वीज मंडळ. कोयनेची वीज १९६२ मध्ये सुरू झाली आणि मंडळ गावोगावी पोचलं. खांबावर चढणारा माणूस अनेक गावांत अजूनही 'एमएसईबीचा वायरमन' आहे, मंडळ मोडून वीस वर्षं झाली तरी.

मंडळाच्या मोडण्याला एन्रॉनची पार्श्वभूमी आहे. डिसेंबर १९९३ मध्ये मंडळाने एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ पॉवर कंपनीशी वीजखरेदी करार केला. १९९५ मध्ये युती सरकारने प्रकल्प रद्द केला, नव्या वाटाघाटी केल्या, पुन्हा चालू केला. १९९९ मध्ये पहिल्या टप्प्यातली ७४० मेगावॉटची वीज सुरू झाली. अडचण करारात होती: वीज घ्या अगर न घ्या, क्षमतेचे पैसे द्यायचेच, आणि हिशोब डॉलर आणि इंधनाच्या भावाशी बांधलेला. रुपया घसरला, नाफ्था महागला, मंडळाला वीज परवडेना. माधव गोडबोले समितीने करारावर कडक ताशेरे मारले. मे २००१ मध्ये केंद्र थांबलं, डिसेंबरमध्ये अमेरिकेत खुद्द एन्रॉन बुडाली. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या केंद्राच्या वीज आणि गॅस कंपन्यांना घेऊन रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी तयार झाली. बुडीत प्रकल्पातलं सगळ्यात टिकाऊ अंग ठरलं ते त्याचं आयात गॅस उतरवायचं टर्मिनल. ते पुढे वेगळ्या कंपनीकडे, कोकण एलएनजीकडे गेलं.

त्याच वर्षी, ६ जून २००५ रोजी, मंडळाचे तुकडे झाले: वीज बनवायला महानिर्मिती, उच्चदाबाने वाहून न्यायला महापारेषण, घरापर्यंत पोचवायला महावितरण, आणि तिघींच्या वर एक सूत्रधारी कंपनी. चारही सरकारच्याच. कायद्याचा हेतू असा की कोणत्या कामात किती पैसा जातो ते वेगळं दिसावं.

एक प्रयोग मात्र जवळजवळ विसरला गेला. सहकार महाराष्ट्राचा हातखंडा, तो विजेतही केला गेला. ग्रामीण विद्युतीकरण निगमाच्या मदतीने देशात पाच ठिकाणी वीज सहकारी संस्था निघाल्या, त्यातली एक नगर जिल्ह्यातली मुळा-प्रवरा. श्रीरामपूर-राहाता-राहुरी पट्ट्यात ती चार दशकं घरोघर वीज देत होती. मंडळाकडून घाऊक वीज घ्यायची आणि सभासदांना विकायची. शेतीपंपांचा वाटा मोठा, वसुली कमी, महावितरणची थकबाकी वाढत गेली आणि परवान्याची मुदत संपल्यावर फेब्रुवारी २०११ पासून भाग महावितरणकडे गेला. त्याच पाचांतली बेळगाव जिल्ह्यातली हुक्केरीची संस्था पुढेही चालू राहिली, तेव्हा दोष नुसता सहकारावर टाकता येत नाही.

मालकी न विकता धंदा चालवायला देण्याचा प्रकारही महाराष्ट्राने केला. भिवंडी जानेवारी २००७ पासून टोरंट या खासगी कंपनीकडे आहे आणि टिकली आहे. औरंगाबाद, जळगाव, नागपूरला दिलेल्या फ्रँचायझी मात्र गुंडाळाव्या लागल्या. भिवंडीत यंत्रमागांची दाट मागणी एका ठिकाणी होती, वीजगळती एवढी होती की कमी करायला वाव भरपूर. तसं गणित सगळीकडे बसलं नाही.

गॅसचं पुढे काय झालं

बॉम्बे गॅस कंपनीचा उजेड विजेने हळूहळू नेला. ती लगेच मेली नाही, स्वातंत्र्यानंतरही तिचे नळ आणि दिवे सांभाळणारं खातं होतं. पण स्वयंपाकघर तिच्या हाती लागलं नाही. १९५५ मध्ये बर्मा-शेल या तेल कंपनीने मुंबईत गॅसचा सिलिंडर आणला. जुन्या मुंबईकरांना त्याचं 'बर्शेन' हे नाव आठवत असेल. सिलिंडरला रस्ता खणायची परवानगी लागत नाही, हद्द लागत नाही. १९७४ मध्ये एसो ही दुसरी तेल कंपनी सरकारजमा होऊन हिंदुस्तान पेट्रोलियमच्या वाटेने गेली, १९७६ मध्ये बर्मा-शेल भारत पेट्रोलियमच्या. सिलिंडर सरकारी झाला.

पाइप परत आला तो समुद्रातून. १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल सापडलं, तिथला वायू उरणला उतरू लागला. १९९५ मध्ये गेल आणि ब्रिटिश गॅस यांनी मिळून महानगर गॅस काढली, राज्य सरकारही भागीदार. २०१६ मध्ये शेलने ब्रिटिश गॅसचा मूळ समूह विकत घेतला, त्याच वर्षी महानगर गॅसचे शेअर बाजारात आले, आणि २०१९ पर्यंत शेल आपला हिस्सा विकून बाहेर पडली. सिलिंडर आणणाऱ्या बर्मा-शेलमधली अर्धी शेलचीच होती, हा योगायोग नोंदवण्यासारखा. पुण्यात २००६ मध्ये गेल आणि भारत पेट्रोलियमने महाराष्ट्र नॅचरल गॅस काढली.

गॅसची हद्द दिल्लीतलं पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ आखतं. पण विजेपेक्षा एक मोठा फरक आहे. विजेचा दर आयोग ठरवतो, त्याआधी जाहीर सुनावणी होते, तुम्ही हरकत घेऊ शकता. पाइप गॅसचा घरगुती दर कंपनी स्वतः ठरवते. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की किरकोळ गॅसचा दर ठरवायचा अधिकार कायद्याने त्या मंडळाला दिलेलाच नाही. ठरावीक वर्षांची मक्तेदारी संपली की पाइप दुसऱ्या विक्रेत्यांना खुली करायची तरतूद आहे, म्हणजे २००९ च्या तारेचाच प्रश्न गॅसच्या पाइपात.

विजेत तो प्रश्न नव्याने आला आहे. २०२२ मध्ये अदानींच्या कंपनीने मुलुंड, भांडुप, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, उरण या महावितरणच्या पट्ट्यासाठी समांतर परवान्याचा अर्ज केला. जानेवारी २०२३ मध्ये वीज कर्मचारी संपावर गेले आणि सरकारशी बोलणी झाल्यावर त्याच दिवशी संप मिटला. कर्मचाऱ्यांचं म्हणणं होतं की दाट वस्ती, नियमित बिल भरणारे ग्राहक हाच पट्टा महावितरणला पोसतो. तो गेला तर विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतीपंपांची सवलत कोण भरणार? समांतर परवान्याच्या बाजूचे लोक म्हणतात, ग्राहकाला निवड असली पाहिजे. अशा सुनावण्यांच्या जाहिराती वर्तमानपत्रात आल्या की दोन ओळी आधी शोधाव्यात: नवी कंपनी स्वतःच्या तारा टाकणार की जुन्याच वापरणार, आणि सोडून जाणाऱ्यांवर अधिभार किती. दराची तुलना त्यानंतर.